गुडघारोपणाला १९ दिवस झाले: वेदना किती सोसायची आणि व्यायाम किती करायचा?

कृष्णाकाठ

सर्वांना नमस्कार. माझी आई ६८ वर्षांची आहे. १९ दिवसांपूर्वी मिरजेत तिच्या उजव्या गुडघ्याचे संपूर्ण सांधेरोपण झाले. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभे केले, चौथ्या दिवशी घरी पाठवले आणि चौदाव्या दिवशी टाके निघाले. जखम कोरडी आहे, ताप नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ठरल्याप्रमाणे दोन आठवडे देऊन थांबवल्या आहेत. तिला रक्तदाब आणि मधुमेह आहे व दोन्हींची औषधे अनेक वर्षे चालू आहेत.

अडचण घरी आल्यावर सुरू झाली. रुग्णालयात पहिले दोन दिवस ती हसतखेळत होती, "एवढंच असतं होय ऑपरेशन" असे मावशीला फोनवर सांगत होती. घरी आल्यापासून मात्र रात्री दोन-अडीचला गुडघा ठणकायला लागतो तो उजाडेपर्यंत. शेजारच्या काकूंनी "दुखण्याच्या गोळ्यांनी किडनी जाते" असे सांगितल्यामुळे आठव्या दिवसापासून तिने त्या गोळ्या परस्पर बंद केल्या आणि अगदीच असह्य झाले की त्याच काकूंनी दिलेली त्यांच्या कंबरदुखीची गोळी ती घेते, हे मला परवा कळले. दिवसाचा बराच वेळ ती गुडघ्याखाली लोड घेऊन पडून असते, कारण तसे बरे वाटते. एक दिवसाआड फिजिओथेरपिस्ट येतात. ते पाय धरून जोराने वाकवतात, आई ओरडते आणि संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजतो. त्यांच्या मोजमापाप्रमाणे तो ७० अंश वाकतो. आता त्यांची येण्याची वेळ झाली की तिचे हात थरथरू लागतात.

येणारा-जाणारा प्रत्येक जण "किती वाकतो?" एवढेच विचारतो. आत्याच्या नणंदेचा म्हणे पंधराव्या दिवशी ११० वाकत होता. एवढी वेदना या टप्प्यावर स्वाभाविक आहे का, गोळ्या द्याव्यात की सोसायला सांगावे, आणि व्यायाम असा रडवूनच करून घ्यावा लागतो का, याबद्दल ज्यांना अनुभव अथवा ज्ञान आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी फिजिओ

मी ३१ वर्षे फिजिओथेरपीचे काम केले आणि आता निवृत्त आहे. रुग्णाला न तपासता निदान करता येत नाही, तेव्हा मी जे लिहीत आहे ते आपल्या शल्यचिकित्सकांशी बोलूनच अमलात आणावे. आपल्या मजकुरातील मला सर्वांत खटकलेली गोष्ट ते ७० अंश नसून तो लोड आहे.

गुडघ्यात सूज असते तेव्हा तो साधारण ३० अंशांच्या वाकात ठेवला की आतला दाब सर्वांत कमी होतो आणि रुग्णाला हायसे वाटते. म्हणूनच प्रत्येक रुग्ण आपोआप उशी शोधतो आणि घरातली माणसे प्रेमाने ती गुडघ्याखाली सरकवतात. पण दिवसाचे दहा-बारा तास सांधा त्या स्थितीत राहिला की मागच्या बाजूची ऊती आखडते आणि गुडघा पूर्ण सरळ होणे थांबते. वाकण्याची कसर पुढचे तीन महिने भरून काढता येते. सरळ होण्याची कसर पहिल्या काही आठवड्यांत भरली नाही तर पुढे फार कष्टाने भरते. पाय दहा-पंधरा अंश वाकलेला राहिला तर माणूस उभा असतानाही मांडीचे स्नायू सतत ताणलेले राहतात, चाल लंगडी होते आणि काही महिन्यांनी कंबर दुखू लागते. इतक्या वर्षांत "किती वाकतो?" असे विचारणारे शेकडो नातेवाईक मी पाहिले, "किती सरळ होतो?" असे विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

तेव्हा लोड आजच काढून टाका. पाय उंच ठेवायचा असेल तर उशी पोटरीपासून टाचेपर्यंत हवी, गुडघ्याखाली नको. दिवसातून चार वेळा, पाच ते दहा मिनिटे, घट्ट गुंडाळलेला टॉवेल फक्त टाचेखाली ठेवून गुडघा अधांतरी सोडावा म्हणजे तो स्वतःच्या वजनाने खाली येतो. हे दिसायला काहीच नाही, पण मागे चांगला ताण बसतो आणि आईंना ते आवडणार नाही, हे आधीच सांगते. त्याच स्थितीत मांडी आवळून, गुडघा गादीकडे दाबून, पाच आकडे मोजेपर्यंत धरून सोडायचे. असे दहा वेळा केले तरी सुरुवातीला पुरे.

या मांडीच्या स्नायूबद्दल थोडे अधिक लिहिते. गुडघारोपणानंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद शस्त्रक्रियेपूर्वीच्या मानाने निम्म्याहून अधिक घटते, हे वारंवार मोजले गेले आहे. स्नायू वाळतो हे त्याचे एक कारण, पण मोठे कारण असे की सांध्यात सूज असेपर्यंत मज्जासंस्था या स्नायूला पुरता आदेशच देत नाही. "मी उचलायचा प्रयत्न करते पण पाय ऐकतच नाही" असे रुग्ण म्हणतो तेव्हा तो आळस करत नसतो. सूज उतरली की तोच पाय ऐकू लागतो. म्हणून या टप्प्यावर सूज कमी करणे हाच निम्मा व्यायाम आहे. बर्फाचे तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती ओल्या पंच्यात गुंडाळावी आणि प्रत्येक व्यायामानंतर १५ ते २० मिनिटे ठेवावी. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झाली असेल तर दर पाच मिनिटांनी त्वचा पाहावी. आपल्याकडे "गार लागून वात धरेल" म्हणून बर्फाऐवजी गरम पाण्याच्या पिशवीने शेकतात. इतक्या लवकर शेक दिला तर त्या भागातला रक्तपुरवठा वाढून सूज आणखी चढते.

आता जोर लावून वाकवण्याविषयी. सुजलेल्या सांध्यावर बळ केले की स्नायू बचावासाठी आखडतात, आत पुन्हा दाह होतो, सूज वाढते आणि दुसऱ्या दिवशी गुडघा आदल्या दिवशीपेक्षाही कमी वाकतो. मी स्वतः तरुणपणी असे वाकवलेले आहे. तेव्हा शिकवलेच तसे जात होते, आणि आज त्याचे वाईट वाटते. आता मी असे सुचवीन की आईंनी खुर्चीवर बसून, पायाखाली गुळगुळीत फरशीवर पायमोजा किंवा फडके ठेवून, टाच स्वतःच मागे सरकवावी आणि जिथे ताण बसेल तिथे दहा सेकंद थांबून सोडावी. चांगल्या पायाने दुखऱ्या पायाला मागे हलकीशी रेटणी द्यायला हरकत नाही. तासभराच्या एका सत्रापेक्षा दहा-दहा मिनिटांची पाच सत्रे कधीही चांगली. व्यायाम करताना दुखणारच. ते दुखणे अर्ध्या-एक तासात पूर्वपदावर आले तर प्रमाण योग्य आहे आणि दुसऱ्या सकाळी सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवशी अति झाले असे समजावे. शिंप्याची टेप घेऊन रोज सकाळी गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावरून घेर मोजून ठेवा, म्हणजे वाद घालायची गरज उरत नाही.

सपाट जमिनीवर चालायला ६५ ते ७० अंश लागतात, जिना चढायला ८५ च्या आसपास आणि नेहमीच्या खुर्चीतून हात न टेकता उठायला ९५ ते १०५. एकोणिसाव्या दिवशी ७० हे थोडे मागे आहे, पण घाबरण्याजोगे मुळीच नाही. सहा आठवडे उलटूनही ९० च्या आतच अडकले असेल, तर शल्यचिकित्सक भूल देऊन सांधा मोकळा करण्याचा विचार करतात. आत्याच्या नणंदेचा गुडघा शस्त्रक्रियेपूर्वी किती वाकत होता हे विचारून पाहा. आधी चांगला वाकणारा गुडघाच नंतर लवकर वाकतो. आणि आताच्या फिजिओथेरपिस्टांशी एकदा शांतपणे बोला. ऐकले नाही तर बदला.

भूलतज्ज्ञ

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी फक्त औषधांबद्दल लिहितो, कारण काकूंच्या गोळीचा उल्लेख वाचून मला राहवले नाही.

रुग्णालयात दुखत नव्हते आणि घरी दुखू लागले, यात आपल्या आईच्या मनाचा खेळ नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी मांडीतल्या नसेभोवती बधिर करणारे औषध देतात आणि सांध्याच्या आजूबाजूलाही इंजेक्शने देतात. त्यांचा परिणाम साधारण एक-दीड दिवस टिकतो. शिवाय वॉर्डात नर्स घड्याळाप्रमाणे, दुखो न दुखो, औषध देत असतात. घरी आल्यावर नेमकी ही शिस्त मोडते, "दुखले तर घेऊ" अशी पद्धत सुरू होते, वेदना पूर्ण चढल्यावर गोळी घेतली जाते आणि चढलेल्या वेदनेला तीच गोळी पुरत नाही. त्यात रुग्णाचे चालणे आणि वाकवणे याच दिवसांत वाढते. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे गोळ्या वेळेवर घ्याव्यात, व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी एक मात्रा येईल असे वेळापत्रक लावावे आणि नंतर सर्वांत तीव्र औषध आधी व पॅरासिटामॉल शेवटी अशा क्रमाने ती कमी करावीत. वेदना शून्यावर आणणे हा यामागचा हेतू नसतो. रुग्णाला झोप लागावी आणि व्यायाम करता यावा इतपत ती खाली आली की काम झाले. शून्य ते दहा अशा मोजणीत विश्रांतीच्या वेळी तीन-चार आणि व्यायामाच्या वेळी पाच-सहा असेल तर बहुतेक रुग्ण पुढे सरकतात.

काकूंचे म्हणणे पूर्ण खोटे नाही, आणि म्हणूनच ते अर्धवट ऐकणे धोक्याचे आहे. पॅरासिटामॉलने नेहमीच्या मात्रेत मूत्रपिंडाला इजा होत नाही. इजा होऊ शकते ती डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, एटोरिकॉक्सिब यांसारख्या दाहशामक गोळ्यांनी. त्यातही आपल्या आईंसारख्या व्यक्तीत एक विशेष अडचण आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखे औषध आणि त्याच्या जोडीला लघवी वाढवणारे औषध चालू असेल (आपल्याकडे ही दोन्ही बहुधा एकाच गोळीत असतात, त्यामुळे घरच्यांना ती एकच वाटते) आणि त्यात दाहशामक गोळी आली, तर तिन्ही मिळून मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह एकदम घटवू शकतात. जुलाब, उलट्या किंवा कमी पाणी पिणे यांची भर पडली तर हे काही दिवसांतच होते. मधुमेह्यांत मूत्रपिंड आधीच थोडे नाजूक असू शकते. एटोरिकॉक्सिबने रक्तदाबही चढतो. म्हणून रक्तातले क्रिॲटिनिन (ते वाढले की मूत्रपिंड कमी काम करते असे समजतात) आणि पोटॅशियम तपासून घ्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून शल्यचिकित्सकांपुढे ठेवा आणि दाहशामक द्यायचे की नाही हे त्यांना ठरवू द्या.

काकूंची कंबरदुखीची गोळी बहुधा असिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल यांचे मिश्रण असेल. म्हणजे किडनीच्या भीतीने डॉक्टरांनी मोजून दिलेल्या गोळ्या बंद करून, ज्या औषधापासून किडनीला जपावे लागते तेच औषध आई न मोजता घेत आहेत. अशा मिश्र गोळ्यांत दुसराही सापळा असतो. असिक्लोफिनॅकच्या गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, ट्रॅमाडॉल या अधिक तीव्र वेदनाशामकाच्या मिश्र गोळीत आणखी ३२५, आणि तापाची म्हणून घरात असलेली ६५० ची वेगळी. बेरीज कोणी करत नाही. ज्येष्ठांमध्ये दिवसाला तीन ग्रॅमची मर्यादा पाळलेली बरी.

ट्रॅमाडॉलने मळमळ, चक्कर आणि बद्धकोष्ठता होते. ते आणि प्रीगॅबॅलिन (नसांच्या वेदनेवरचे औषध) दोन्ही रात्री दिले असतील तर वयस्कर माणूस गुंगीत उठून पडू शकतो. तेव्हा शौचाला जाताना कोणीतरी बरोबर असावे आणि दिवा चालू ठेवावा. बद्धकोष्ठतेकडे दुर्लक्ष करू नये. भरपूर पाणी प्यावे आणि डॉक्टरांनी दिलेले सारक औषध पहिल्या दिवसापासून चालू ठेवावे.

पोटरी एकाएकी सुजून दुखू लागणे, धाप लागणे किंवा छातीत दुखणे, जखमेतून स्राव येणे, १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, किंवा कमी होत आलेले दुखणे अचानक उलटे वाढणे, यांपैकी काहीही झाले तर येथे विचारत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी संपली म्हणजे गुठळीचा धोका संपला असे होत नाही.

नाशिकचे मास्तर

मी वैद्यकातला माणूस नाही, पण माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. डावा तीन वर्षांपूर्वी आणि उजवा त्यानंतर दीड वर्षाने. त्यामुळे मी एकाच शरीरावर दोन प्रयोग करून पाहिले, असे म्हणता येईल.

आमच्या गावाला गुडघा बदलता येतो हे कळले ते पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींमुळे. २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा आणि २००१ मध्ये उजवा गुडघा बदलला गेला, डॉ. चित्तरंजन राणावत त्यासाठी न्यूयॉर्कहून आले होते आणि वर्तमानपत्रांत रोज बातम्या येत होत्या. माझ्यावर त्याचा परिणाम असा झाला की मी आणखी बरीच वर्षे गुडघेदुखी सोसत बसलो, कारण हे मोठ्या लोकांचे काम असे मनात पक्के बसले होते. २०१७ साली सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, त्यानंतरही शेवटी मला मुलाने बळेच नेले.

डाव्या गुडघ्याच्या वेळी मी शूरपणा केला. आमच्या पिढीला दुखण्याची गोळी घेणे म्हणजे हार मानणे वाटते. मी रात्र-रात्र छताकडे बघत काढली, सकाळी थकलेला असे, व्यायामाच्या वेळी चिडत असे आणि पत्नीशी भांडत असे. दीड महिन्यांनी माझा गुडघा ८० अंशांवर होता. उजव्याच्या वेळी मी शाळेतल्या घंटेप्रमाणे गोळ्या घेतल्या, शस्त्रक्रियेच्या महिनाभर आधीपासून मांडीचे व्यायाम केले आणि दीड महिन्याला १०५ वर पोहोचलो. गोळ्या एकूण किती घेतल्या याचा हिशेब वहीत आहे. दुसऱ्या वेळी त्या महिनाभरात संपल्या. पहिल्या वेळी मात्र "घेत नाही, घेत नाही" म्हणत अडीच महिने अधूनमधून घेतच होतो.

रात्रीच्या दुखण्याविषयी आपल्या आईंना माझा निरोप सांगा की ते दुखणे सर्वांना होते आणि ते जाते. माझी वेळ दोन ते चार अशी होती. पडून कूस बदलण्याचा प्रयत्न करत राहिल्याने ते वाढते. मी उठून वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत दोन फेऱ्या मारत असे, दहा मिनिटे बर्फ ठेवत असे आणि आरामखुर्चीत बसून पाय टेबलावर टाचेवर टेकवत असे. पुष्कळदा तिथेच डोळा लागे. झोपण्यापूर्वीच्या गोळीची वेळ नऊवरून साडेदहावर नेली, त्याचाही फरक पडला; मात्र हे डॉक्टरांना विचारून केले.

कोणी आधी सांगितल्या नाहीत म्हणून मी घाबरलो अशा काही गोष्टी लिहून ठेवतो. जखमेच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर होते, कारण कापताना त्वचेची एक बारीक नस तुटतेच. ती जागा पुढे लहान होत जाते, माझी डाव्या पायाची अजून रुपयाएवढी शिल्लक आहे. चालताना टक्-टक् आवाज येतो, तो धातू आणि प्लास्टिकचा असतो. गुडघा चार-सहा महिने दुसऱ्यापेक्षा कोमट लागतो. आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात एकदा मन फार खचते, "उगाच केले" असे वाटते. मला वाटले होते, माझ्याच डोक्यात बिघाड झाला; नंतर चौकशी केली तर प्रत्येकाने तेच सांगितले.

मी आता जिना चढतो, रोज तीन किलोमीटर चालतो, पण मांडी घालून बसत नाही आणि पंगतीत खुर्ची मागून घेतो. सत्यनारायणाला पाटावर बसलो नाही म्हणून देव रागावल्याचे अजून तरी दिसलेले नाही.

अनुभवी सूनबाई

सर्वांचे म्हणणे बरोबर असेल, पण माझ्या सासूबाईंना खरा फरक पडला तो मालिशवाल्या बाईंमुळे. त्या कोमट तिळाचे तेल लावून पोटरीपासून मांडीपर्यंत जोराने चोळत आणि वरून शेकत असत. आपल्या जुन्या उपायांना इतके सरसकट नाकारू नये असे मला वाटते.

जुनी फिजिओ

सूनबाई, मी तेलाच्या विरुद्ध नाही. प्रश्न कधी आणि कुठे हा आहे. आपल्या सासूबाईंना ते किती आठवड्यांनी केले हे आपण लिहिले नाही. जखम पूर्ण भरून खपली पडल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी आणि शल्यचिकित्सकांनी पाहिल्यावर, खोबरेल तेलाने व्रणावर अंगठ्याने गोल गोल चोळणे हे मी स्वतः शिकवते. त्याने व्रण खालच्या ऊतीला चिकटत नाही आणि त्वचेचा हुळहुळेपणाही जातो. पण आत्ता भरत असलेल्या जखमेजवळ तेल गेले तर संसर्गाचा धोका, आणि कृत्रिम सांध्याचा संसर्ग म्हणजे कधीकधी पुन्हा शस्त्रक्रिया. पोटरी जोराने चोळणे तर पहिल्या तीन महिन्यांत नकोच. आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. सासूबाईंना काही झाले नाही याचा मला आनंद आहे.

ठाण्याची वाचक

मी लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला, कारण १९ दिवसांच्या रुग्णाला घाबरवण्याची माझी इच्छा नाही. पण चांगले अनुभवच पुढे येतात आणि माझ्यासारखे लोक आपणच काहीतरी चुकलो असे समजून गप्प बसतात. गुडघारोपणानंतर साधारण पाचांतील एका व्यक्तीला बराच काळ वेदना राहते किंवा समाधान वाटत नाही, हे वैद्यकीय साहित्यात मान्य झालेले आहे. मी त्या पाचांतली एक.

व्यायाम मी नेटाने केला, गुडघा ११५ वाकत होता, तरीही आठ महिन्यांनी दुखत होते. एका ठिकाणी मला "सवय करून घ्या" असे सांगण्यात आले. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र क्रमाने पाहिले. आधी रक्ताच्या तपासण्या आणि सांध्यातले पाणी काढून संसर्ग नाही याची खात्री केली, मग क्ष-किरणांवर कृत्रिम भाग सैल झालेला नाही हे पाहिले आणि शेवटी माझी कंबर व खुबा तपासला. खुब्याची झीज झाली की वेदना गुडघ्यात जाणवते हे मला तोवर ठाऊक नव्हते. माझे निम्मे दुखणे खुब्याचे निघाले. उरलेले नसांचे होते. त्यावर वेगळी औषधे, आणि मऊ कापडापासून सुरुवात करून हळूहळू खरखरीत टॉवेलपर्यंत त्वचेला स्पर्शाची सवय लावण्याचा उपाय, यांनी बराच उतार पडला. पूर्ण गेले असे मी म्हणणार नाही.

आपल्या आईंच्या बाबतीत हे आज लागू नाही. तीन महिने झाल्यावरही दुखणे तेवढेच असेल तर मात्र ते "होतेच असे" म्हणून सोडून देऊ नका. आणि बोट लागले तरी भाजल्यासारखे होणे, त्वचेचा रंग आणि घाम बदलणे असे दिसले तर तीन महिनेही थांबू नका.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. नऊ दिवसांनी लिहीत आहे, कारण काय झाले ते पाहूनच लिहावे असे ठरवले होते.

गोळ्यांची पिशवी घेऊन शल्यचिकित्सकांकडे गेलो. आईची रक्तदाबाची गोळी खरोखरच दुहेरी निघाली आणि काकूंच्या पाकिटावर असिक्लोफिनॅक होते. क्रिॲटिनिन किंचित वाढलेले आले, म्हणून डॉक्टरांनी दाहशामक औषधे पूर्ण बंद ठेवली, पॅरासिटामॉल ठरावीक वेळांना दिले आणि रात्रीसाठी ट्रॅमाडॉलची कमी मात्रा दहा दिवसांपुरती लिहून दिली. काल पुन्हा तपासले तेव्हा क्रिॲटिनिन उतरले होते. काकूंनाही त्यांची गोळी रोज घेऊ नका असे सांगून आलो. त्या थोड्या रागावल्या आहेत.

लोड माळ्यावर टाकला. पहिल्या दिवशी टाचेखाली टॉवेल ठेवला तेव्हा गुडघा आणि गादी यांच्यामध्ये माझी पूर्ण मूठ जात होती. आज दोन बोटे जातात. आई याला "बोटांचा हिशेब" म्हणते आणि रोज सकाळी स्वतःच मला बोलावून मोजायला लावते. घेर दोन सेंटिमीटरने उतरला. फिजिओथेरपिस्टांना मी घेराच्या नोंदी दाखवल्या. त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, पण जोर लावणे थांबवले, आणि काल त्यांच्याच मोजणीत गुडघा ८६ अंश वाकला. रात्री एकदाच जाग येते. मास्तरांचा निरोप सांगितल्यावर आई म्हणाली, "त्यांना म्हणावं, मीही स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या मारते, पण येताना बेसनाचा लाडू घेऊन येते." साखरेचे काय करायचे ते आता वेगळे पाहावे लागेल.

शेवटची एक शंका आहे. तिला वॉकर सोडण्याची घाई झाली आहे आणि आमच्या घराला अंगणातून वर यायला चार पायऱ्या आहेत. काठी केव्हा द्यावी आणि कोणत्या हातात द्यावी?

जुनी फिजिओ

मूठभरावरून दोन बोटांवर येणे ही मला ८६ अंशांपेक्षा मोठी बातमी वाटते.

वॉकर तारीख पाहून सोडू नका. पाय सरळ ठेवून तो गादीपासून वीतभर उचलता येतो का आणि वॉकरला केवळ बोटे टेकवून, न लंगडता, घरातल्या घरात चालता येते का, हे पाहा. दोन्ही जमू लागले की काठी द्या. काठी उलट्या हातात, म्हणजे आईंच्या डाव्या हातात. ती आणि उजवा पाय एकाच वेळी पुढे पडले पाहिजेत. दुखणाऱ्या बाजूलाच काठी धरण्याची सवय बहुतेकांना असते, ती पहिल्या दिवशीच मोडा. पायऱ्या चढताना डावा पाय आधी, मग उजवा आणि काठी. उतरताना काठी आणि उजवा पाय आधी, मग डावा. चार पायऱ्यांना एका बाजूने तरी कठडा बसवून घ्या आणि पहिले काही दिवस उतरताना आपण एक पायरी खाली, चढताना एक पायरी मागे उभे राहा. काठीची उंची विकत घेतानाच पाहावी. चप्पल घालून सरळ उभे राहून हात मोकळा सोडला की मनगटाच्या घडीशी मूठ यायला हवी. बाजारातल्या लाकडी काठ्या बहुतेकांना उंच पडतात, तेव्हा खालून कापून घ्यावी आणि रबराचे बूच नवे बसवावे.